गिरजाबाईचं कुलूप

संपादकांनी फोनवर सांगितलं, की तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला लागतं. मी हो म्हणून बसलो. कागद पुढ्यात घेतल्यावर ध्यानात आलं, की मला गमती थोड्या आठवतात आणि संताप पुष्कळ आठवतो. वय झालं, दात गेले, पण हा राग काही गेला नाही. तेव्हा करंजीबरोबर ज्यांना गोडच वाचायचं असेल त्यांनी खुशाल पुढच्या पानावर जावं. मी रागावूनच लिहिणार आहे.

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. सुरुवात धुळ्यात टाइपरायटर दुरुस्त करण्यापासून झाली आणि पुढे जळगावात दुकान टाकलं. कुठे शिकलो, कसा वर आलो हे सांगत बसत नाही. त्यात दुसऱ्या कोणाला काडीचा रस नसतो. सांगायचं ते एवढंच, की चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत ज्या ज्या ऑफिसात मी पिशवी घेऊन शिरलो, तिथे दारातच एक वाक्य कानावर पडायचं: "कोणी हात लावला याला?"

टाइपरायटरच्या दिवसांत हे वाक्य नव्हतं. त्याचा दांडा मोडला तर मोडला. तो सगळ्यांना दिसायचा, आणि लोखंड आहे, मोडायचंच, असं साहेबसुद्धा म्हणायचे. कॉम्प्युटरच्या पोटात काय दुखतंय ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याचा दोष समोर दिसणाऱ्या माणसावर टाकायची आपली जुनी खोड. तो माणूस तरी कोण? साहेब कधीच नाही. ज्याचा पगार सगळ्यात कमी, हात लावणारा नेमका तोच निघायचा.

यावलकडच्या एका केळी सोसायटीत भर उन्हाळ्यात मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक, दुपारी मात्र नेमानं हा खेळ. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावण्याआधीच निदान करून ठेवलं होतं, की ऑपरेटर डुलक्या काढतो आणि झोपेत त्याचा हात बटणावर पडतो. त्या बिचाऱ्याला लेखी समजही दिलेली. मी लायनी तपासल्या तर साहेबांच्या केबिनमधला कूलर मशीनच्याच लायनीवर. साहेब जेवून आले, की कूलर लावायचे. तिकडे कूलरच्या मोटरीने जोर धरला, की इकडे मशीन मान टाकायचं. मी दोनदा कूलर चालू-बंद करून दाखवला. साहेब म्हणाले, "असं होय? मग मशीनला वेगळी लाइन टाका." त्या पोराची समज मागे घेणार का, असं मी विचारलं, तर म्हणाले, ती आता फायलीला लागली. मी वेगळी लाइन टाकली आणि घरी आलो.

जामनेरची तऱ्हा वेगळी. त्या काळच्या मशीनला पुढच्या अंगाला खरोखरचं कुलूप असायचं. छोटी गोल किल्ली फिरवली, की कीबोर्ड बंद. तिथल्या एका संस्थेच्या सेक्रेटरींनी ती किल्ली करगोट्याला बांधून टाकली होती. ते सोयरिकीला बऱ्हाणपूरला गेले, की सगळं ऑफिस बाहेर पारावर विड्या ओढत बसायचं. असेच एकदा ते गेले असताना मला बोलावणं आलं. मी माझ्या जुडग्यातली किल्ली लावली आणि कुलूप उघडलं. लोक माझ्याकडे गारुड्याकडे बघावं तसे बघायला लागले. गारूड कसलं! बनवणारे बहुतेक मशीनना एकाच साच्याची किल्ली द्यायचे, एक ठेवली की निम्मा जिल्हा उघडायचा. सेक्रेटरी परत आले ते भडकूनच, आणि भडकले कोणावर? शिपायावर. यांना हात लावू दिलासच का, म्हणून. मी त्यांना समजावलं, की दादा, हे कुलूप निव्वळ शोभेचं आहे. ते शांतपणे म्हणाले, "असू द्या शोभेचं. पण शोभा माझ्या कमरेला आहे."

आता जे सांगायचं म्हणून हा सगळा पसारा मांडला, ते सांगतो. ते नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटचं.

जळगावात एक बियाण्यांची कंपनी होती. आता नाही. तिच्या मालकांना सगळे आबा म्हणायचे. मूळचे शेतकरी, कपाशीचं संकरित बियाणं करता करता कंपनी काढलेले. माणूस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कामगाराच्या घरी लग्न असलं, की मांडवात उभे राहून वाढायचे. दुष्ट माणसाचा राग येतो आणि जातो. चांगल्या माणसाचा आलेला राग बसून राहतो.

संकरित बियाण्याचं मर्म एकच असतं. कोणत्या वाणाची मादी घेतली आणि कोणत्या वाणाचा नर. ते एकदा बाहेर फुटलं, की कंपनीत राहिलं काय? पोती आणि सुतळी. आबांच्या शेतावर कित्येक हंगाम केलेल्या अशा शेकडो जोड्यांच्या नोंदी होत्या आणि त्या सगळ्या एका कॉम्प्युटरवर चढवलेल्या. चढवणारी मुलगी सुनंदा. पारोळ्याजवळच्या खेड्यातली, वडील शिंपीकाम करायचे, ही जळगावात खोली घेऊन राहायची. बोलायला कमी, कामाला वाघ. शेतावरून मातीने भरलेले कागद यायचे, त्यातून ती अक्षर न् अक्षर नीट लावायची.

आबांचे जावई पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. हुशार मुलगा, यात शंका नाही. त्यांनी सासऱ्यांच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. लिनक्स तेव्हा आमच्या भागात कोणी ऐकलेलंही नव्हतं. मी स्वतः मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घरी खटपट करून शिकलो होतो, म्हणून त्या मशीनची देखभाल माझ्याकडे आली. जावईबापूंनी नोंदींचा भाग सांकेतिक करून ठेवला होता. म्हणजे डिस्क कोणी उचलून नेली तरी आतलं काही वाचता येऊ नये. मशीन सुरू होताना पासवर्ड विचारायचं. तो दिला, की नोंदी उलगडायच्या. नाही दिला तर आत नुसता कचरा.

पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता. आबांना, आणि रोज सकाळी मशीन सुरू करणाऱ्या सुनंदाला. जावयांनी बजावलं होतं, की आकडे घाला, चिन्हं घाला. आबांनी सरळ आपल्या आईचं नाव इंग्रजीत घातलं. गिरजाबाई. माउली गेली, कंपनीही गेली, आता सांगायला हरकत नाही.

या कुलपाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्यातच आहे. एक, पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटायचं नाही. अक्षर नाही, फुली नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. दोन, चुकीचा पासवर्ड दिला तर ते कुलूप चुकीचा आहे असं सांगायचंच नाही. ते मुकाट्याने तोच खरा धरून आतला मजकूर उलगडायला घ्यायचं. अर्थात निघायचा कचरा. मग पुढचा प्रोग्राम पडद्यावर लिहायचा, की या डिस्कवर मला ओळखीचं काही दिसत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावं, डिस्क कोणीतरी पुसली.

त्या दिवाळीच्या आधी सुनंदाने आबांना सांगितलं होतं, की मला धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली आहे, दिवाळीनंतर रुजू व्हायचंय, तेवढं मोकळं करा. आबांचं तोंड उतरलं, पण हो म्हणाले. लक्ष्मीपूजनाला ऑफिसात दरवर्षीसारखी पूजा झाली. आबांच्या पत्नी, त्यांना सगळे अक्का म्हणायचे, स्वतः येऊन पूजा करायच्या. तराजूची केली, तिजोरीची केली, कॉम्प्युटरची केली. मशीन बंद झालं, वर आच्छादन पडलं आणि सगळे घरी गेले.

भाऊबीज उरकून ऑफिस उघडलं. सुनंदाचे दोन-चार दिवस राहिले होते, नव्या माणसाला काम समजावून ती जाणार होती. तिने मशीन लावलं, पासवर्ड दिला, आणि पडद्यावर आलं की ओळखीचं काही दिसत नाही. पुन्हा दिला, पुन्हा तेच. ती घाबरून आबांना सांगायला गेली. आबांनी येऊन एका बोटाने एकेक बटण दाबत पासवर्ड दिला. तेच. जावईबापू दिवाळसणाला आलेलेच होते, त्यांना घरून बोलावलं. आबांनी त्यांच्या कानात पासवर्ड सांगितला, त्यांनी झरझर टाइप केला. तेच. मग त्यांनी मशीनमध्ये शिरून थोडं इकडेतिकडे पाहिलं आणि निकाल दिला, की डिस्कवरचा डेटा कोणीतरी पुसला आहे.

झालं! कोणी हात लावला, हा प्रश्न विचारायचीसुद्धा गरज उरली नाही. मुलीने नोकरी सोडलेली. जाणार ती धुळ्याला. धुळ्यातच आबांच्या स्पर्धकाचं ऑफिस. पासवर्ड दोघांनाच ठाऊक आणि त्यातले एक खुद्द आबा. दोन अधिक दोन चार झाले: नोंदी चोरून स्पर्धकाला दिल्या आणि मूळच्या पुसून टाकल्या. आबांनी काय केलं असेल? आधी धुळ्याच्या कॉलेजात फोन लावला आणि प्राचार्यांना सांगितलं, की या मुलीला रुजू करून घेण्याआधी थांबा, प्रकरण पोलिसांत जाण्यातलं आहे. मग पारोळ्याकडे जीप पाठवून तिच्या वडिलांना उचलून आणलं. आणि हे सगळं आटोपल्यावर मला बोलावलं. मशीन बिघडलं आणि मशीनवाला सगळ्यात शेवटी! फाशी देऊन मग खटला चालवायचा, त्यातली गत.

मी पोहोचलो तेव्हाचं चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. सुनंदा कपाटाजवळ स्टुलावर बसलेली, आणि तिची पिशवी टेबलावर उपडी केलेली. जेवणाचा डबा, कंगवा, रुमाल, एसटीचा पास, आणि मुलींच्या पिशवीत जे चारचौघांत काढायचं नसतं तेही. चोरलेली फ्लॉपी सापडते का बघायला. समोर पाच-सहा पुरुष उभे. त्यातल्या एकालाही वाटलं नाही, की निदान त्यावर रुमाल टाकावा. मी टाकला. मला विचाराल तर त्या दिवशीची माझी पहिली दुरुस्ती तीच होती.

तिचे वडील, त्यांना नाना म्हणू, टोपी हातात घेऊन आबांपुढे उभे होते. बोटांना शिवणाच्या सुईचे घट्टे. तिच्याकडे बघतही नव्हते. ते आबांना आपल्या अहिराणीत विनवत होते, "आबा, पोर लहान शे. चुकी गई व्हई. तुमना पाया पडस, पन पोलिसमा नका जावा." आणि मग वळून तिला, की धर पाय, माग माफी. सुनंदा एवढंच म्हणाली, की मी काही केलं नाही. ते कोणी ऐकलं नाही. नुसतं कोपऱ्यात गेलं आणि विरलं.

इकडे जावईबापू मशीनपुढे बसलेले. काय करताय विचारलं, तर म्हणाले, डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्राम आता चालवणार आहे, मिळालं तर थोडंफार मिळेल. मी पिशवी तिथेच टाकली आणि पुढे झालो. वाचणाऱ्यांना यातली मेख कळावी म्हणून सांगतो. पासवर्ड बरोबर लागलेला नसताना हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला, तर त्याला जो कचरा दिसतो तोच तो दुरुस्त करायला बसतो. इथलं तिथे, तिथलं इथे, आणि ते सगळं डिस्कवर लिहून टाकतो. मग खरा पासवर्ड मिळाला तरी उपयोग शून्य. म्हणजे डेटा पुसलेला नसला तरी या दुरुस्तीने पुसला गेला असता, आणि ती पोर जन्मभर चोर ठरली असती. पुरावा तिच्या बाजूने उरलाच नसता.

मी म्हटलं, थांबा, आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढू, मग काय तो प्रयोग करा. जावईबापूंना ते लागलं. म्हणाले, "काका, हा टाइपरायटर नाही." मी म्हटलं, "म्हणूनच म्हणतो. टाइपरायटरवर चुकलं तर कागद बदलता येतो." त्यावर आमची चांगलीच जुंपली. ते इंग्रजीत गेले, मी खानदेशीत गेलो. शेवटी मी आबांकडे वळलो आणि त्यांच्या भाषेत विचारलं, की आबा, एखाद्या वाणाचं हाताशी शेवटचं शेरभर बी असेल तर तुम्ही सगळंच्या सगळं पेरून मोकळे होता का? आबा म्हणाले, "नाही. थोडं बाजूला ठेवतो." मी म्हटलं, मग ठेवा. एवढं त्यांना पटलं, तेवढ्यापुरते ते शेतकरी होते.

मी दुकानात जाऊन दुसरी डिस्क घेऊन आलो आणि मशीनला जोडली. तिच्यावर मूळ डिस्कचा सगळा मजकूर एका फाइलीत उतरवून घ्यायचा होता. जावईबापूंनी ते काम आपल्याकडे घेतलं. मीही म्हटलं, घ्या, हात तुमचे चालू द्या, माझा हात लागला असं उद्या कोणी म्हणायला नको. त्या फाइलीला काहीतरी नाव द्यायचं होतं. ते म्हणाले, आहे तसा जुना माल, 'जुना'च नाव देऊ. इंग्रजी अक्षरांत त्यांनी ते टाइप केलं. पडद्यावर उमटलं 'उना'.

त्यांना वाटलं बोट घसरलं. खोडून पुन्हा टाइप केलं. पुन्हा 'उना'. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते पहिलं बटण जोरात दाबलं. जे म्हणायचं ते, इंग्रजी जे. पडद्यावर काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. मग त्यांचा हात तिथेच थांबला आणि त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला. गिरजाबाईत 'जे' आहे. सकाळपासून तिघांनी पासवर्ड दिला होता, आणि तिघांनीही मशीनला सांगितलं होतं गिराबाई. पडद्यावर उमटत नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. आणि आतापर्यंत जावईबापूंनी मशीनला जे जे हुकूम सोडले त्यात हे अक्षर कुठेच आलं नव्हतं, तशा हुकमांत ते येतच नाही सहसा.

मी पेचकस घालून ते बटण उचकटलं. खाली तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल झालेला, आणि वाळून बसला होता असा घट्ट, की बटण खाली टेकूच नये. आजूबाजूची बटणंही कुंकवाच्या पाण्याने चिकट झालेली, त्यामुळे एकच बटण अडतंय हे बोटांनाही कळत नव्हतं. अक्कांनी लक्ष्मीपूजनाला कीबोर्डाच्या बरोबर मध्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून अक्षता वाहिल्या होत्या. भक्तिभावाने, मूठ भरून.

दाणा काढला, जागा पुसली, मशीन पुन्हा सुरू केलं. मी मुद्दाम सुनंदाला बोलावलं आणि म्हटलं, तू दे पासवर्ड. ती उठेना. मी पुन्हा म्हटलं. मग ती आली, उभ्या उभ्याच टाइप केलं, आणि सगळ्या नोंदी जागच्या जागी. एक ओळ इकडची तिकडे नाही.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सत्य बाहेर पडलं, गोष्ट संपली. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पुढे काय झालं ते ऐका.

आबांनी तो दाणा माझ्या हातातून तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. मग लक्ष्मीच्या तसबिरीपुढे नेऊन ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की बघा, लक्ष्मीनेच आपलं राखलं, तिने स्वतः कुलूप लावून ठेवलं होतं. अक्कांना फोन गेला. पेढे आणायला माणूस गेला. ऑफिसात एकदम सण परत आला. सकाळी चोरी झाली तेव्हा ती पोरीने केली होती. आता दाणा सापडला तर तो देवीने ठेवला होता! देवीकडे श्रेय गेलं आणि पोरीकडे कोणी बघेना. ती आपली टेबलाजवळ उभी राहून एकेक वस्तू पिशवीत भरत होती. डबा, कंगवा, पास. जावईबापू तेवढे तिच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटले, बहुतेक सॉरी असावं. तेवढं का होईना, त्यांनी म्हटलं.

मी आबांना विचारलं, धुळ्याला फोन? ते म्हणाले, "करू की. उद्या करू. आज गोड खा." माझं डोकं सणकलं. बदनामी करायला फोन सकाळी तातडीने लागतो आणि निस्तरायला उद्या? मी फोन उचलला, नंबर त्यांच्या टेबलावर होताच, तो फिरवला आणि रिसीव्हर आबांच्या हातात दिला. नाइलाजाने त्यांनी घेतला. प्राचार्य पलीकडून बोलले असतील. आबा मोठ्या मनाने हसत म्हणाले, "हां साहेब, ते सकाळचं. मिटलं सगळं. मुलीला आम्ही माफ केलंय."

माफ केलंय!

खोटं सांगत नाही, कानशिलं तापली माझी. मी आबांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. इतक्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या हातातून मी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा कधी ओढला नव्हता. मी प्राचार्यांना माझं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि म्हटलं, साहेब, माफ करण्यासारखं तिने काहीच केलेलं नाही. कीबोर्डात पूजेच्या अक्षतांचा दाणा अडकला होता. चूक झाली ती इथल्या पुरुषांची, मुलीची नाही. ते गृहस्थ बरे होते. म्हणाले, ठरल्याप्रमाणे पाठवा तिला. मी रिसीव्हर ठेवला. आबा लाल झाले होते. मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही मशीन बघा. आमच्या घरचं आम्ही बघू." मी पिशवी उचलली. त्या कंपनीतून मला परत कधी बोलावणं आलं नाही, आणि आलं असतं तरी मी गेलो नसतो.

खाली रस्त्यावर सुनंदा आणि नाना जीपची वाट न बघता स्टँडच्या दिशेने चालले होते. मला राहवलं नाही, मी त्यांना गाठलं आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला बसवलं. माझा राग अजून उतरला नव्हता, मी आबांना, जावयाला, साऱ्या गावाला नावं ठेवत होतो. मध्येच मी सुनंदाला म्हटलं, जाऊ दे पोरी, सुटलीस, धुळ्याची नोकरी शाबूत आहे. ती कपाकडे बघत होती. म्हणाली, "काका, आबांचं मला काही वाटत नाही. मालकच ते. पण सकाळपासून सगळ्यांनी मला विचारलं, का केलंस. तू केलंस का, असं एकानेही विचारलं नाही." मग नानांकडे न बघता, "पप्पांनीसुद्धा."

नाना बाजूलाच होते. चहा झाला, पारोळ्याची गाडी लागली. सुनंदा आधी चढली, खिडकीजवळ बसली. नाना पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे वळले. मला वाटलं आभार मानतील, आणि मी काहीतरी म्हणायच्या तयारीत होतो.

ते म्हणाले, "भाऊ, मी इचारंच नही पोरले." आणि गाडीत चढून तिच्या शेजारी न बसता मागच्या बाकावर जाऊन बसले.